डोक्यावर काही ठेवू नये

मोठे स्पीकर बाळगणारा माणूस किती खरा आहे हे तपासायचं असेल तर त्याच्या घरी जावं आणि गाडीची किल्ली सहज स्पीकरवर ठेवून बघावी. हौशी असेल तर तो "चहा घेणार ना?" म्हणून विचारेल. खरा असेल तर बोलता बोलता अडखळेल. नजर किल्लीवर जाईल, परत तुमच्यावर येईल, पुन्हा किल्लीवर जाईल. शेवटी तो उठेल, तुमचा अपमान होणार नाही अशा बेताने किल्ली दोन बोटांत उचलेल, तुमच्या तळहातावर ठेवेल आणि म्हणेल, "खिशात बरी असते."

ही जात संख्येने मोठी नाही. कोथरूड, सहकारनगर, पार्ले, डोंबिवली, जिथे बघाल तिथे सोसायटीमागे एखादा सापडतो. बहुधा वीज मंडळातून नाहीतर बँकेतून निवृत्त झालेला. चारचौघांत काही वेगळा दिसत नाही. फक्त वस्तू दिसली की बोटाच्या पेराने ती ठोकून बघतो. दार, कपाट, जेवणाचं टेबल, दुसऱ्याच्या घरची भिंत. वस्तू भरीव आहे की पोकळ हे समजल्याशिवाय त्याला तिथे बसवत नाही. मुलीसाठी स्थळ बघायला गेलेल्या अशाच एकाने मुलाकडच्यांचा सोफा ठोकून पाहिला होता. लग्न झालं, पण सोफ्याबद्दलचं त्याचं मत अजून बदललेलं नाही.

माझ्या माहितीतला अस्सल नमुना म्हणजे भाऊसाहेब. वीज मंडळात हयात गेली, त्यामुळे अर्थिंग हा विषय कोणी काढलेला नसतानाही ते त्यावर बोलू शकतात. त्यांच्या दिवाणखान्यात टॅनॉयचे १५ इंची स्पीकर आहेत. ते मुंबईच्या एका पारशी घरातून आले. जुन्या विलायती ध्वनिसामग्रीचा माग काढत गेलं की महाराष्ट्रात माणूस एकतर चोरबाजारात पोचतो नाहीतर पारशी घरात. भाऊसाहेबांनी दोन्हीकडे चपला झिजवल्या. या स्पीकरची खुबी म्हणजे बारीक आवाजाचा भोंगा जाड आवाजाच्या पडद्याच्या पोटातच बसवलेला, म्हणजे सगळं गाणं एकाच बिंदूतून निघतं. टॅनॉयने ही रचना १९४७ साली बाजारात आणली. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत ते स्पीकर चढवणाऱ्या हमालांना या इतिहासात रस नव्हता. "साहेब, कपाट रिकामं करून द्यायला पाहिजे होतं," एवढंच ते म्हणाले.

पण मला स्पीकरबद्दल सांगायचं नाही. मला त्यांच्या डोक्याबद्दल सांगायचं आहे.

एकेका स्पीकरचा वरचा भाग दोन फूट बाय दीड फूट. दोन्हींचा मिळून सहा चौरस फूट. कमरेइतकी उंच, सपाट, पॉलिश केलेली आणि रिकामी! कोथरूडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सहा चौरस फूट सपाट जागा कुणी रिकामी ठेवली आहे? आपल्याकडे फ्रिजवर टोपली असते, टीव्हीवर ताजमहाल असतो, शिवणयंत्रावर इस्त्रीचे कपडे असतात. सपाट दिसलं की आधी क्रोशाचा रुमाल आणि मग फुलदाणी, ही आपली गृहव्यवस्था. वहिनींनी त्याच रिवाजाने पहिल्या आठवड्यात दोन रुमाल घातले. डावीकडे फुलदाणी आली, उजवीकडे त्यांच्या वडिलांचा फोटो.

भाऊसाहेबांनी काही न बोलता तबल्याची रेकॉर्ड लावली. डग्ग्यावर पहिला 'घे' पडला आणि फोटोची काच चौकटीत थरथरली. दुसऱ्या 'घे'ला पुन्हा.

"ऐकलंस?" भाऊसाहेब म्हणाले.

"बाबांना तबल्याची फार आवड होती," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

तिथून या सहा चौरस फुटांचा कज्जा सुरू झाला. तो आजही चालू आहे, आणि दोन्ही पक्षांकडे कागदपत्रं आहेत.

भाऊसाहेबांची बाजू अशी. स्पीकर वाजतो तेव्हा पडदा एकटाच हलत नाही. पेटीही हलते. तिच्यावर ठेवलेली प्रत्येक वस्तू आपापल्या परीने कंप पावते आणि गाण्यात स्वतःची भर घालते. फुलदाणी घुमते, चौकट करकरते, नाण्यांची वाटी तर चक्क वाजते. अगदी गप्प बसणारी वस्तूही पेटीच्या कडेवरून बाहेर पडणाऱ्या आवाजाच्या वाटेत येते. हे सगळं खरं आहे. त्यांच्या जातीतल्या माणसांची पंचाईत हीच असते की ते जे सांगतात ते बहुतेक वेळा खरं असतं.

सगळ्यात मोठं पाप म्हणजे स्पीकरच्या डोक्यावर रेकॉर्ड प्लेअर. ते त्यांनी स्वतः केलेलं आहे. तरुणपणी गिरगावात चाळीतली एक खोली. त्यात जमिनीवर स्पीकर, स्पीकरवर अँप्लिफायर, अँप्लिफायरवर प्लेअर आणि प्लेअरवर धूळ बसू नये म्हणून आईची जुनी साडी. आवाजाचा खटका तीनच्या पुढे गेला की सगळा डोलारा स्वतःहून घुमायला लागायचा. गाणं बाजूला राहायचं आणि चाळभर म्हशीचं हंबरणं ऐकू यायचं. कारण सरळ आहे. रेकॉर्डची खोबण केसाच्या जाडीहून अरुंद. तिच्यातून फिरणाऱ्या सुईकडून मिळते ती वीज ५ मिलिव्होल्टच्या आसपास. अँप्लिफायर आधी ती शंभरपट वाढवतो, आणि रेकॉर्ड कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले असतात म्हणून ते आणखी उचलून धरतो. आता स्पीकरचा कंप खालून सुईपर्यंत पोचला की सुई तोही गाणं समजून वाचते. तो वाढून स्पीकरमधून बाहेर पडतो, पेटी आणखी हलवतो, पुन्हा सुईकडे येतो. या फेऱ्याला अंत नाही. खटका मागे फिरवावा लागतो. म्हणून ते घर कायम तीनच्या खाली गाणं ऐकत असे. चाळीतले लोक या कुटुंबाचं सौजन्य अजून आठवतात.

अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९६१ साली आतल्या आत स्प्रिंगांवर तरंगणारा प्लेअर आणला तो या फेऱ्याला तोडण्यासाठीच. भाऊसाहेब हे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात.

मग नव्वदच्या दशकात मेहुणे राहायला आले आणि त्यांनी टीव्ही उचलून उजव्या स्पीकरवर ठेवला, कारण "झोपून बघायला बरा पडतो." काचेच्या नळीचे टीव्ही होते तेव्हा. स्पीकरच्या पोटात हा एवढा चुंबक. बातम्या देणाऱ्या बाईंचा एक गाल जांभळा आणि एक हिरवा दिसू लागला. मेहुण्यांनी केबलवाल्याला शिव्या घातल्या. भाऊसाहेब खुर्चीत बसून होते आणि त्यांना चुंबकीय क्षेत्राबद्दल सगळं माहीत होतं. मेहुणे गावी जाईपर्यंत ते बोलले नाहीत.

यानंतर घरात पाटी लागली. पुण्यात याहून सौम्य उपाय लोकांना सुचत नाही. "स्पीकर म्हणजे टेबल नव्हे. कप, किल्ल्या, हेल्मेट, वर्तमानपत्र व कोपर ठेवू नये." पाटी कुठे लावायची यावर थोडी चर्चा झाली, कारण स्पीकरला चिकटवली असती तर तीही थरथरली असती. शेवटी ती दोन स्पीकरांच्या मधल्या भिंतीवर गेली. पुढे तिच्या खाली वहिनींच्या अक्षरात एक ओळ वाढली: "वरवंटासुद्धा."

वरवंट्याचं सांगतो. या जातीचं एक लक्षण असं की नियम दुसऱ्यांसाठी असतो आणि स्वतःसाठी सिद्धांत असतो. भाऊसाहेबांनी कुठेसं वाचलं की पेटीवर जड वस्तू दाबून ठेवली तर तिची लाकडी फळी कमी घुमते. पेर लावून ठोकलं, आवाज पोकळ आला. मग घरातली सगळ्यात जड, सगळ्यात निमूट वस्तू कोणती? एका रविवारी वहिनींनी पाटा मांडला, खोबरं-लसूण घेतलं आणि वरवंटा काही मिळेना. तो डाव्या स्पीकरवर मधोमध, फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. उजवीकडे समतोल साधायला खलबत्ता.

"मी फुलदाणी ठेवली तर घुमते," वहिनी म्हणाल्या, "आणि हा वरवंटा काय ध्यान लावून बसलाय?"

"वस्तुमान, अगं, वस्तुमान."

स्वयंपाकघरातला कडाप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट बसवला तेव्हा वहिनींना वाटलं, घर सुधारतंय. भाऊसाहेबांनी जुन्या कडाप्प्याचे दोन तुकडे कापून घेतले होते. दोन फूट बाय सव्वा फूट, इंचभर जाड, वजन दीड मणाला थोडंच कमी असं हमाल म्हणाले. भाऊसाहेबांनी वजनकाट्यावर ठेवलं तर एकेक वीस किलोच्या आत भरला. ते दोन्ही स्पीकरांवर चढले. आल्यागेल्याला वहिनी आता एवढंच सांगतात की, माझा ओटा डोक्यावर घेऊन यांचं गाणं चालतं.

पण कडाप्पा ही नुसती पायाभरणी होती. खरा बेत वेगळाच होता. भाऊसाहेबांनी स्वतःच्या हातांनी व्हॉल्व्हचे दोन अँप्लिफायर बांधले, डाव्याचा एक, उजव्याचा एक. सुटे भाग तपकीर गल्लीतून गोळा केले. अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंतची वायर जितकी आखूड तितकं चांगलं, हा त्यांच्या पंथातला एक मान्य विचार. तेव्हा सगळ्यात आखूड वायर कुठे ठेवल्यास लागेल? बरोबर. ज्या डोक्यावर तीस वर्षं कुणाला किल्ली ठेवू दिली नाही, त्याच डोक्यावर व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि फ्यूज यांची वसाहत उभी राहिली. वायर दीड फूट.

मी विचारलं, "भाऊसाहेब, आता हे कंप पावणार नाही का?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं आता मोठं उत्तर येणार. ते म्हणाले, "पावतं ना. तोच तर प्रश्न आहे."

व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळीत तारांची बारीक जाळी. तिला धक्का लागला की स्पीकरमधून 'टिंग' ऐकू येतं. पेन्सिलीने हलकेच टिचकी मारून ते दाखवतात. म्हणजे भाऊसाहेबांनी आधी अडचण विकत घेतली होती आणि आता तिच्यावरचा उपाय शोधायला मोकळे झाले होते. निवृत्त माणसाला यापेक्षा अधिक काय हवं! उपाय मिळाला तो स्क्वॉशच्या चेंडूंचा. चेंडू मधोमध कापायचे आणि अर्ध्या वाट्या उपड्या घालून त्यांवर यंत्र बसवायचं. टिळक रोडवरच्या खेळांच्या दुकानात त्यांनी दोन पिवळ्या ठिपक्यांचे चेंडू मागितले, कारण ते सगळ्यात कमी उसळतात.

दुकानदार म्हणाला, "काका, नवीन खेळायला लागला असाल तर निळा ठिपका घ्या. हा फार अवघड जाईल."

"मी खेळत नाही. कापतो."

दुकानदाराने पैसे घेतले आणि सुट्टे परत देताना हात जरा लांबूनच पुढे केला.

संध्याकाळी दिवे मालवले की व्हॉल्व्हची नारिंगी धग दिसते. कामाच्या मावशी जाताना दोन्ही स्पीकरांकडे वळून नमस्कार करतात. भाऊसाहेब एरवी कडक नास्तिक, पण हा गैरसमज त्यांनी दूर केलेला नाही.

शनिवारी त्यांच्याकडे मंडळ जमतं. खोलीत खुर्च्या पुष्कळ, पण ऐकण्याची खुर्ची एकच. ती दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, टेप लावून ठरवलेली. तिच्यावर पाळीपाळीने बसायचं, बाकीच्यांनी बाजूला बसून त्याचा चेहरा बघायचा. बोलणं चालतं ते बेस फुगतोय की आवळलाय, गायिका नेमकी कुठे बसली आहे, तानपुरा तिच्या किती मागे आहे, यावर. एकदा केसरबाई केरकर लावल्या होत्या. खुर्चीतल्या गृहस्थांनी डोळे मिटून हात लांब केला आणि तबला डावीकडे, सारंगी किंचित उजवीकडे असल्याचं दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ते ध्वनिमुद्रण मोनो होतं. दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येत होता. हे माझ्याखेरीज तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं असं मला नंतर समजलं. पण एखाद्याला सारंगी दिसली असेल तर ती पुसायची कशाला, अशी त्यांच्यात एक सभ्यता आहे.

त्याच दिवशी कुणीतरी सांगितलं की केसरबाईंचं गाणं १९७७ साली दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत पाठवलं आहे आणि यानं आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली आहेत. भाऊसाहेब बराच वेळ विचारात पडले.

"उत्तम जागा," ते म्हणाले. "हवा नाही, म्हणजे कंप नाही. वरती काही ठेवायला कुणी नाही."

"ऐकायलाही कुणी नाही," वहिनी पोहे ठेवताना म्हणाल्या.

हा माणूस सगळंच मनाचं ऐकतो असं मात्र समजू नका. किशोरीताईंचा भूप लागला की एका ठरावीक जागी 'झ्र्र' असा बारीक आवाज यायचा. आम्हाला कुणालाच तो ऐकू येत नसे. भाऊसाहेबांनी अँप्लिफायर उतरवले, कडाप्पे उतरवले, खलबत्ताही खाली घेतला. आवाज होताच. खिडकीच्या कड्या बांधल्या, ट्यूबलाइट काढली, कॅलेंडर उतरवलं. खालच्या मजल्यावर जाऊन शेजाऱ्यांना त्यांचा काचेचा सेट तासभर गादीवर ठेवण्याची विनंती केली. शेवटी शिडी लावून माळ्यावर गेले, आणि तिथे सापडलं: वहिनींच्या आजीचं तांब्याचं घंगाळ, तोंडावर सैल झाकण. खालून तानपुऱ्याच्या पंचमाची तार छेडली गेली की वर घंगाळ गात होतं. भाऊसाहेबांनी तिथेच पेराने ठोकून खात्री करून घेतली.

"पंचमात आहे!" ते वरून ओरडले.

"माझ्या आजीचं आहे," खालून उत्तर आलं. "सुरात असणारच."

सहा चौरस फुटांवर वहिनींचा वर्षातून तीन दिवस निर्विवाद ताबा असतो. भाद्रपदात गौरी येतात त्या स्पीकरांवर बसतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. पहिल्या वर्षी भाऊसाहेबांनी विरोध केला. मग त्यांच्या ध्यानात आलं की ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशी बांधेसूद जोडी दुसरी कुठलीच नाही. यांच्याकडे गौरींचे मुखवटे तांब्यांवर बसवतात आणि तांब्यांत गहू भरतात. हे कळल्यावर तर त्यांचा विरोधच मावळला. इंग्लंडमध्ये वॉर्फडेलचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज स्पीकरच्या फळ्या दुहेरी करून मध्ये वाळू भरत, म्हणजे फळी घुमत नसे. याच ब्रिग्जनी १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादनाशेजारी आपले स्पीकर वाजवून दाखवले होते. गहू काय, वाळू काय! आता अँप्लिफायर ते स्वतः उतरवून ठेवतात. गौरींचे चेहरे स्पीकरांच्या कलाने खुर्चीकडे किंचित आत वळवतात. त्यावर पोरीबाळी हसतात, पण हळदीकुंकवाला आलेल्या बाया मात्र म्हणतात की यंदा गौरी कशा थेट आपल्याकडे बघताहेत.

आता नवीनच प्रकरण. मुलाने वहिनींना पाण्याच्या भांड्याएवढा ब्लूटूथ स्पीकर दिला. दुपारी भाऊसाहेब बँकेत गेले की त्या त्यावर आपली गाणी लावतात. तो ठेवतात कुठे? डाव्या टॅनॉयच्या डोक्यावर, अँप्लिफायर आणि वरवंटा यांच्या मधे. उंची बरोबर आहे, स्वयंपाकघरात नीट ऐकू येतं, असं त्यांचं म्हणणं. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने दुकानदारांना एके काळी अट घातली होती की ऐकण्याच्या खोलीत दुसरा एकही स्पीकर असता कामा नये, कारण गप्प बसलेल्या स्पीकरचा पडदाही आवाजाबरोबर हलतो. भाऊसाहेब ही अट गेली कित्येक वर्षं शनिवारच्या मंडळाला सांगत आले आहेत. एके दिवशी ते लवकर परतले आणि दारातच उभे राहिले. गप्प टॅनॉयच्या डोक्यावर ते भांडं लता मंगेशकरांचं गाणं म्हणत होतं.

मी जिन्यातच होतो, म्हणून पुढचं बघता आलं. भाऊसाहेब जवळ गेले. कान लावला. भांड्यावर पेर मारून पाहिलं. मग खणातून अर्धा चेंडू काढला, भांडं अलगद उचलून त्याखाली सरकवला आणि परत कान लावला.

"आता बघ," ते वहिनींना म्हणाले. "बाई जरा पुढे आल्या की नाही?"

वहिनी कणीक मळता मळता म्हणाल्या, "आल्या हो."

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी मोठे स्पीकर असतील तर त्यांच्यावर काय ठेवायचं ते तुम्ही आणि तुमच्या घरचे आपसात बघून घ्या. त्यात बाहेरच्याने पडू नये. फक्त रेकॉर्ड प्लेअर तेवढा ठेवू नका. तो दुसऱ्या भिंतीला, भिंतीतच पक्की ठोकलेली फळी बघून तिच्यावर ठेवा. आणि कुणाच्या घरी गेलात तर किल्ली खिशात असू द्या.